"आम्ही कुठेच नाही गेलो"

खूप दिवसांनी लिहितेय. मध्ये दिवाळी झाली, पाहुणे झाले, मग मुलांच्या शाळा सुरू झाल्या. असो. आज लिहायला बसले ती धाकटीच्या वहीमुळे.

"दिवाळीच्या सुट्टीत मी काय केले" असा निबंध होता. दहा ओळी लिहायच्या होत्या. हिने दोनच लिहिल्या. "सुट्टीत आम्ही कुठेच गेलो नाही. फक्त आजीकडे गेलो." बाकी पान कोरं.

मला आधी हसू आलं आणि मग चांगलाच राग आला. कुठेच नाही? अजिंक्यताऱ्यावर आम्ही चार वेळा चढलो. लिंबची बारा मोटेची विहीर पाहिली. सांगलीला आईकडे आठ दिवस होतो तेव्हा रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, एकदा हरिपूरला संगमावर आणि एक दिवस सागरेश्वरला. हे सगळं कुठे गेलं?

विचारलं तर म्हणाली, "पण तिथे तिकीट कुठे होतं?"

सागरेश्वरला होतं म्हणा, पण ते मामाने काढलं होतं, त्यामुळे हिच्या हिशोबात नाही. :) तिच्या वर्गातल्या मैत्रिणी वॉटर पार्कला गेल्या होत्या, एक तर विमानात बसून आली. त्यांच्या मनगटाला कागदी पट्टे होते. हिच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

रात्री विचार करत पडले तेव्हा लक्षात आलं, हे तिला आम्हीच शिकवलंय. प्रत्येक वेळी घरातून निघताना मी काय म्हणत होते? "या वर्षी जाऊ दे, इथेच जाऊन येऊ." म्हणजे खरी सहल दुसरीकडे आणि ही आपली समजूत काढायला.

आता खरं सांगते. नातेवाईकांपैकी काहींना माहीत आहे, काहींना आज कळेल. नवऱ्याचा पगार तीन महिने अडकला होता. मुलांना आम्ही सांगितलं नव्हतं. उलट "आपल्याला बाई साधंच आवडतं, ती गर्दी नको नि तो खर्च नको" असं तत्त्वज्ञान ऐकवत होतो. मुलं काही वेडी नसतात. आई-बाबा कुठलं वाक्य मनापासून म्हणतायत आणि कुठलं वेळ मारून न्यायला, हे त्यांना बरोबर कळतं.

माझं मत असं झालंय, की पैसे नाहीत म्हणून आपण एखाद्या ठिकाणी गेलो आणि ते ठिकाण सुंदर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही खऱ्या असू शकतात. पहिली लपवायला दुसरीचा उपयोग केला, की दुसरीही खोटी वाटायला लागते.

म्हणून दुसऱ्या दिवशी दोघांना बसवून सांगितलं. बाबांचा पगार थांबला होता, आता सुरू झालाय, मोठी सहल या वर्षी जमणार नाही. थोरला म्हणाला, "मला माहीत होतं." धाकटी म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तिला विचारलं, अजिंक्यताऱ्यावरची कुठली गोष्ट आठवते? लगेच सुरू झाली. औरंगजेबाचा वेढा, प्रयागजी प्रभू किल्लेदार, मोगलांनी तटाखाली लावलेला सुरुंग आणि तो उडाल्यावर तट त्यांच्याच सैन्यावर कोसळला तो प्रकार. १७०० साली किल्ला शेवटी पडला हे तिला फारसं पसंत नाही, ती गोष्ट सुरुंगापाशीच संपवते. वर उभं राहून खाली करंजे दाखवलं होतं, बादशहाची छावणी तिकडे होती म्हणून. तिकीट नव्हतं, पण डोक्यात सगळं साठलेलं होतं.

लिंबच्या विहिरीचंही तसंच. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान विरूबाई भोसले यांनी बांधलेली. विहिरीच्या पोटात छोटा महाल आहे, एवढं एकच वाक्य मुलांना पुरलं. पायऱ्या उतरताना थोरल्याने विचारलं, "बारा मोटा म्हणजे बैल किती?" आम्ही विहिरीच्या काठावर बसून हिशोब केला.

सांगलीला जायला आम्ही एसटीच धरतो. मुलांचं वय बाराच्या आत, त्यामुळे अर्धं तिकीट. २०२३ पासून बायकांनाही अर्धं, म्हणजे माझंही. पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं. मुलांना याची भयंकर गंमत वाटते. संध्याकाळी आईने भडंगाची पुडी बांधून दिली की घाटावर. समोर आयर्विन पूल, १९२९ सालचा. इथे पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या पुरात ती ५७ फुटांच्या वर गेली होती. मुलं पुलाकडे बघत पाणी कुठवर आलं असेल याचा अंदाज करत होती. आई काही बोलली नाही. तेव्हा तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं.

हे सगळं फुकट किंवा जवळजवळ फुकट आहे. पण फुकट म्हणजे आपोआप नव्हे. सागरेश्वरच्या डोंगरावर एके काळी झाडं नव्हती. धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी ती लावली, जगवली, आणि १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झालं. आज तिथे सांबर आणि चितळ आहेत. कोणीतरी मनावर घेतलं म्हणून.

आणि आमच्या घराजवळच्या बागेत? पाळण्याची एक साखळी वर्षभर तुटलेली. आम्ही बघायचो, "काय ही अवस्था" म्हणायचो आणि घरी यायचो. ज्यांना परवडतं ते पैसे देऊन खेळायच्या ठिकाणी जातात, बागेत उरतात ती मुलं, ज्यांच्या आईबापांना अर्ज करायला सवड नाही. म्हणून साखळी तुटलेलीच राहते. यात मीही आलेच. पगार चालू होता तेव्हा त्या बागेत मी कितीदा गेले होते?

या वेळी आम्ही पाच-सहा जणींनी मिळून अर्ज दिला, तीन चकरा मारल्या. साखळी बसली. घसरगुंडीचा पत्रा अजून फाटकाच आहे, चौथी चकर होईल.

पुढच्या वर्षी पैसे असले तर वॉटर पार्कलाही नेईन, त्यात काही पाप नाही. पण बाग सोडणार नाही, हे मात्र ठरवलंय. ती गरिबीतली सोय म्हणून धरली आणि बरे दिवस आल्यावर टाकली, तर धाकटीचं म्हणणं खरंच ठरेल.

निबंध तिने बदलला नाही. बाईंनी दहापैकी तीन गुण दिले. मीही आग्रह केला नाही. परवा रविवारी सकाळी सहा वाजता मात्र मला हलवून उठवलं, "सुरुंगाच्या किल्ल्यावर जायचं ना?"

मामी, मावशी, वाचत असाल तर दिवाळीनंतरच्या थंडीत साताऱ्याला याच. किल्ल्यावर नेईन. येताना भडंग तेवढं आणा.