लस दिली, तरी कोंबड्या का दगावतात? गंबोरोचा विषाणू पक्ष्याची प्रतिकारशक्तीच कशी खातो, समजून घ्या

शेडमध्ये कोंबड्यांची मर सुरू झाली की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, 'बर्ड फ्लू आला'. तांबडा-पांढरा रस्सा रोजच्या बोलण्यात असलेल्या कोल्हापुरात असा मेसेज फिरला, तर चिकनच्या दुकानापासून गावातल्या शेडपर्यंत सगळ्यांना त्याची झळ बसते.

ही भीती निराधार नाही. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये फेब्रुवारी २००६ मध्ये जाहीर झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हाही हाच आजार निघाला. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, त्यामागेही बर्ड फ्लूच होता.

पण प्रत्येक मर म्हणजे बर्ड फ्लू नसतो. कोंबडीपालकांच्या रोजच्या धास्तीत आणखी दोन नावं असतात: मानमोडी, म्हणजे राणीखेत, आणि गंबोरो. यातल्या गंबोरोबद्दल शेडबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. लस देऊनही पक्षी का दगावले, या प्रश्नाचं उत्तर मात्र अनेकदा तिथेच सापडतं.

गंबोरो म्हणजे काय?

गंबोरो हे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका गावाचं नाव. १९५७ च्या सुमारास तिथल्या कोंबड्यांमध्ये हा आजार पहिल्यांदा लक्षात आला. १९८० च्या दशकात युरोपात त्याचा अतितीव्र प्रकार दिसला आणि पुढे तो भारतातही पोहोचला.

हा विषाणू शरीरातल्या एका खास अवयवावर तुटून पडतो. कोंबडीच्या गुदद्वाराजवळ, वरच्या बाजूला, एक छोटी पिशवी असते. तिला 'बर्सा' म्हणतात. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी या पिशवीत वाढतात. आपण ज्यांना 'बी पेशी' म्हणतो, त्यातला 'बी' या बर्सावरूनच आला आहे. १९५० च्या दशकात कोंबडीवरच्या प्रयोगांतून ही पिशवी आणि अँटिबॉडी यांचा संबंध कळला.

विषाणू नेमक्या याच पेशी कशा शोधतो?

उत्तर त्याच्या कवचावर आहे. गंबोरोच्या विषाणूचं बाहेरचं कवच 'व्हीपी-२' नावाच्या एकाच प्रथिनाच्या ७८० प्रतींनी बनलेलं असतं. त्या तीन-तीनच्या गटांत बसवलेल्या असतात. प्रत्येक गटाचं टोक बाहेर आलेलं असतं आणि तेच पेशीला जाऊन चिकटतं.

वाढीच्या अवस्थेतल्या बी पेशींच्या पृष्ठभागावर अँटिबॉडीसारखी प्रथिनं असतात. व्हीपी-२ त्यांना पकडू शकतं. म्हणजे शत्रू ओळखण्यासाठी पेशीने बाहेर ठेवलेली वस्तूच विषाणूला आत शिरायला हँडलसारखी सापडते.

इथे अगदी बारीक फरकही मोठा ठरतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. व्हीपी-२ च्या माळेतला २५३ वा आणि २८४ वा मणी बदलला, की बर्सात वाढणारा विषाणू प्रयोगशाळेतल्या साध्या पेशींतही वाढू लागतो आणि कोंबडीत त्याचा जोर कमी होतो. मात्र आजार किती तीव्र होणार हे एकट्या व्हीपी-२ वर ठरत नाही. विषाणूच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमचाही त्यात वाटा असतो.

मग इतर लसी का फसतात?

संसर्गानंतर तीन-चार दिवसांत बर्सा सुजून दुप्पट होते. आठवड्याभरात ती आक्रसून मूळ आकाराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत आजार उघड दिसतो: पांढरी पातळ विष्ठा, थरथर, मर.

त्याहून लहान पिल्लांत अनेकदा बाहेरून काहीच दिसत नाही. बर्सा मात्र आतून पोकळ होते. अशा पिल्लाला मानमोडीची 'लासोटा' लस दिली, तरी पुरेशा अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. पुढे मानमोडी आली की दोष लसीला दिला जातो. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य, लस कंपनीची आणि शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची असते. त्यामुळे 'चूक कुणाची' हा वाद थेट शेतकऱ्याच्या मोबदल्यावर येतो.

मानमोडी आणि बर्ड फ्लूचं काय?

तिथेही खेळ पृष्ठभागावरच्या प्रथिनाचाच आहे, पण कुलूप वेगळं आहे. या दोन्ही विषाणूंचं प्रथिन आधी पक्ष्याच्या एन्झाइमने कापावं लागतं, तेव्हाच विषाणू आत शिरतो. सौम्य प्रकारात ही कापणी मुख्यतः श्वसनमार्ग आणि आतड्यात होते. घातक प्रकारात ती जवळपास सगळ्या अवयवांत होऊ शकते, म्हणून काही दिवसांत शेड रिकामी होऊ शकते.

उपाय काय?

व्हीपी-२ हे विषाणूचं हत्यार आहे, तसंच त्याचं मर्मही. अँटिबॉडी त्याच टोकाला चिकटून विषाणू निकामी करतात. म्हणून काही नव्या लसींमध्ये व्हीपी-२ चं जनुक टर्कीच्या एका निरुपद्रवी विषाणूत बसवून ते हॅचरीतच दिलं जातं.

पाण्यातून द्यायच्या लसीची वेळ महत्त्वाची. ती फार लवकर दिली, तर आईकडून आलेल्या अँटिबॉडीच लस निकामी करतात. उशीर झाला, तर विषाणू आधी पोहोचतो. म्हणून ती बहुतेकदा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास देतात. पाण्यात क्लोरीन असेल, तरीही लस वाया जाते.

दुसरी गोष्ट शेडची. या विषाणूला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे तो चिवट आहे. पक्षी काढल्यानंतर चार महिने रिकाम्या ठेवलेल्या शेडमध्येही तो टिकल्याची नोंद आहे. जुनं तूस पूर्ण न काढता नवी बॅच टाकणं म्हणूनच महागात पडतं.

चिकन खाणाऱ्यांनी घाबरावं का?

गंबोरो माणसाला होत नाही. मानमोडीच्या विषाणूमुळे पक्षी हाताळणाऱ्यांचे डोळे थोडे दिवस लाल होऊ शकतात. बर्ड फ्लू मात्र क्वचित माणसालाही होतो, त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तोही टिकत नाही.

यातला कोणता आजार आहे, हे फोटो पाहून कळत नाही. मेलेला पक्षी ओढ्यात न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. बर्ड फ्लूचं अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होतं. तो अहवाल येण्याआधी आलेला 'बर्ड फ्लू आला' हा मेसेज म्हणजे फक्त अंदाज असतो, आणि त्याची किंमत शेडवाला मोजतो.