उठवायचं कुणी?



या अंकाचं संपादकीय बसमधल्या राखीव जागांवर लिहू या, असं निघालं तेव्हा आमच्या बैठकीत एकदोघींनी नाकं मुरडली. "एवढे प्रश्न पडलेत आणि आपण सीटवर लिहायचं?" पण मग प्रत्येकीला आपापली बस आठवली आणि दीड तास दुसरा विषयच निघाला नाही. कुणी पंचवीस वर्षं बसनं नोकरीला गेलेली, कुणाची मुलगी यंदाच कॉलेजला एकटी जाऊ लागलेली. अनुभव निरनिराळे, पण बोलणं येऊन थांबत होतं एकाच थांब्यावर. खिडकीच्या वर 'स्त्रियांसाठी' असं रंगवलेलं असतं. ते सगळ्यांना वाचता येतं. त्या अक्षरांखाली बसलेल्या पुरुषाला उठवायचं कुणी, ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

संध्याकाळचे साडेसहा. बस खच्चून भरलेली. तिच्या खांद्याला पर्स, एका हातात डबा आणि भाजीची पिशवी, दुसरा हात वरच्या दांड्याला. समोर राखीव जागेवर एक गृहस्थ बसलेत. ती जागा कुणाची हे त्यांना ठाऊक आहे आणि तिलाही. पहिली दोन मिनिटं ती वाट पाहते, आपणहून उठतील म्हणून. गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालतात, नाहीतर त्यांना एकाएकी गाढ झोप लागते. मग ती धीर करून म्हणते, "अहो, ही लेडीज सीट आहे." इथून पुढं जे होतं ते सीटबद्दल नसतंच. "पुढच्या स्टॉपला उतरतोयच." "मागं बघा की, असेल रिकामी." "एवढ्या जणी उभ्या आहेत, तुम्हालाच बरा त्रास होतो." सगळी बस तिच्याकडं बघते, त्याच्याकडं नाही. जागा अडवली त्यानं, आणि भांडकुदळ ठरते ती! शेजारच्या बाया खिडकीबाहेर बघू लागतात. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण आठ तास साहेबाचं ऐकून आलेल्या बाईपाशी साडेसहाला आणखी एक भांडण शिल्लक नसतं. घरी कुकर लावायचाच असतो.

म्हणजे नियम वरच्यांनी करायचा, पाटी वर्कशॉपात रंगवायची आणि अंमलबजावणी मात्र दमलेल्या बाईनं आपल्या घशाच्या जोरावर करायची. सिग्नल तोडणाऱ्या गाड्या अडवायचं काम आपण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीवर सोपवतो का?

"समानता पाहिजे ना? मग उभ्या राहा पुरुषांसारख्या." हे एक ठरलेलं वाक्य. बोलणाऱ्याला दर वेळी वाटतं, की आपल्यालाच ते पहिल्यांदा सुचलं. पाच घरची धुणीभांडी उभ्यानं उरकणाऱ्या बाईचे पाय कुणा पुरुषाहून कमजोर नसतात. राखीव जागा पायांसाठी नाहीच. गर्दीत उभ्या असलेल्या बाईचं अंग म्हणजे सार्वजनिक मालमत्ता असं समजलं जातं, म्हणून ती लागते. ब्रेक लागला की नेमके तिच्यावरच आदळणारे, पाठीला चिकटून उभे राहणारे, दांड्यावरचा हात सरकवत तिच्या हातावर आणणारे, हे वाचणारीला समजावून सांगायला नको. बसायला मिळालं की निदान तीन बाजूंनी सुटका. तीनच, कारण कडेला बसलेल्या बाईच्या खांद्यावर रेलणारे महाभागही असतात. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमातल्या तिसऱ्या पोटकलमानं स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी विशेष तरतूद करायला वाट ठेवली, ती दया म्हणून नव्हे. सारखंच भाडं भरून असमान प्रवास पदरी येतो, त्याची ही अर्धीमुर्धी भरपाई. ज्या दिवशी गर्दीत उभं राहणं तिला आणि त्याला सारखंच वाटेल, त्या दिवशी हवं तर आम्हीच ओलं फडकं घेऊन येऊ आणि या पाट्या पुसू.

या पाटीचा अर्थही कसा उलटा लावला जातो, पाहा. 'निदान एवढ्या जागा बायकांच्या' हा मूळ अर्थ. वाचला जातो तो 'एवढ्याच बायकांच्या'. पुण्याच्या बसमध्ये डावीकडची रांग बायकांची मानली जाते. एखादी उजवीकडं बसली, की "मॅडम, तुमच्या सीट तिकडं आहेत" असं तिला ऐकवलं जातं. जिथं काहीच रंगवलेलं नाही ती जागा पुरुषांची, हे कुणी न सांगता ठरून गेलंय. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसमधून बायकांना मोफत प्रवास सुरू झाला, तेव्हा राज्य परिवहनाच्या गाड्यांत निम्म्या जागा पुरुषांसाठी राखण्याची तरतूद त्याच योजनेत घातली गेली. आपल्याकडं त्याच वर्षी १७ मार्चपासून एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि "आता गाडीत बायकाच बायका" अशी कुरकुर लगेच कानावर आली. इतकी वर्षं पुरुषच पुरुष असायचे, तेव्हा गाडी भरली असं म्हणत, एवढंच.

आणि हो, 'मिसेस आहेत बरोबर' हेही एक प्रकरण आहे. बायकोला खिडकीशी बसवून स्वतः राखीव जागेवर बसायचं, उभ्या बाईनं हटकलं तर बायकोकडं बोट दाखवायचं. १९९३ नंतर गावोगावी राखीव खुर्चीवर बाई निवडून आली आणि शेजारी सरपंचपती बसू लागले, त्यांचे हे शहरातले भाऊबंद.

आता शिष्टाचाराबद्दल. बाईमाणूस दिसली की चटकन उठून जागा देणारे पुरुष आजही आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण ते कुणासाठी उठतात तेही बघावं. इस्त्रीची साडी आणि हातात फाइल असेल तर "बसा मॅडम". टोपली घेतलेल्या कोळणीला मात्र "ए मावशी, मागं हो, वास येतोय." आणि तिच्याकडं बघून पदर नाकाला लावणाऱ्या आपल्यातल्याच असतात. घरकामाला जाणारी, दोन बस बदलून आलेली बाई उभी राहते. तिला सवय आहे, असं बसलेल्या सगळ्याजणी धरून चालतात. तृतीयपंथी सहप्रवासी शेजारी येऊन बसली की उठून जाणाऱ्याही आहेत. राखीव जागा बाईची, ती फक्त आपल्यासारख्या बाईची नव्हे. म्हातारे आजोबा, कुबडीवाला, कडेवर मूल घेतलेला बाप समोर उभा असेल तर तरुण मुलीनं जरूर उठावं, आणि मुली उठतातही. ते त्यांनी आपणहून करायचं. "तरुण आहेस, उठ" असा हुकूम नेमका राखीव जागेवरच्या मुलीलाच का सुटतो? मागं चार तरणेबांड गडी बसलेले असतात, त्यांच्या वयाकडं कुणाचं लक्ष जात नाही.

मुद्दा पुन्हा तोच, उठवायचं कुणी? याचं सरळ उत्तर एके काळी होतं: कंडक्टर. तिकिटाचा पंच दांड्यावर टकटक वाजवत "लेडीज सीट सोडा हो" असं म्हणणारा खमक्या कंडक्टर असला की बाईला तोंड उघडायची वेळ येत नसे. त्याच्या जागी आता काही मार्गांवर विनावाहक गाड्या आल्या. ड्रायव्हरनं रस्ता बघायचा की मागची सीट? मुंबईत २०१० च्या सुमारास बेस्टकडं चार हजारांहून अधिक गाड्या होत्या, २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्या खाली आल्या, आणि त्यांतल्याही बहुतेक कंत्राटदारांच्या. गाड्या कमी, म्हणून गर्दी जास्त. गर्दी जास्त, म्हणून अंगचटीला येणं सोपं. आणि बघायला माणूस नाही. दिल्लीनं २०१५ नंतर बसमध्ये मार्शल नेमले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या हजारो नागरी संरक्षण स्वयंसेवकांचं काम थांबवण्यात आलं. पुण्यात मार्च २०१८ मध्ये खास महिलांसाठी तेजस्विनी बस निघाल्या. त्यांचं स्वागतच आहे, पण दिवसातली प्रत्येक फेरी काही तेजस्विनी नसते, आणि उरलेल्या गाड्यांतली शिस्त त्यामुळं सुधारत नाही.

याची किंमत कोण मोजतं? गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. जाण्यायेण्याचा रस्ता कमी त्रासाचा असावा म्हणून मुली अधिक चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं निवडतात, खर्चही जास्त सोसतात, असं त्यात दिसलं. म्हणजे बसमधला तो चोरटा हात मुलीच्या पदवीपर्यंत पोचतो. आपल्या घरांतही हेच घडतं, फक्त त्याला 'जवळचं कॉलेज बरं' असं म्हणतात. आई मुलीला पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवायला सांगते, तिच्या आईनं तिला सांगितलं होतं तसंच. या सगळ्याला 'छेडछाड' हा लाडिक शब्द अजून चालतो. कायद्यानं तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ७४ आणि ७५ ही कलमं त्यासाठीच आहेत. पण धावत्या बसमध्ये कलम कुणी काढून दाखवायचं? गाडी सरळ जवळच्या चौकीला नेणारे ड्रायव्हर-कंडक्टर आहेत. तसं केल्यावर फेरी चुकली म्हणून आगारात त्यांनाच बोलणी बसत असतील, तर पुढच्या वेळी ते तरी कशाला नेतील?

म्हणून मागण्या पाटीच्या पुढच्या हव्यात. राखीव जागा मोकळी करून घेणं हे वाहकाचं काम म्हणून त्याच्या कामाच्या यादीत लिहा, मग तो उपक्रमाचा असो की कंत्राटदाराचा. विनावाहक गाडीत ही जबाबदारी कुणाची ते प्रवाशांना दिसेल असं लावा. चौकीला गाडी नेली तर त्या फेरीचा हिशोब कर्मचाऱ्याच्या माथी मारू नका. आणि गाड्या वाढवा, कारण दर दहा मिनिटांनी बस आली तर निम्मी भांडणं थांब्यावरच मिटतील.

आगार व्यवस्थापकांकडं जाताना हाती काही तरी हवं. यासाठी वाचक मैत्रिणींना एक काम सांगतो आहोत. सलग दहा दिवस आपल्या नेहमीच्या बसमध्ये एवढंच टिपून ठेवा: मार्ग क्रमांक, वेळ, राखीव जागांवर किती पुरुष होते, कुणी उठायला सांगितलं, वाहक बोलला की गप्प बसला. चिठ्ठीवर स्वतःचं नाव घातलं नाही तरी चालेल. मार्ग क्रमांक आणि वेळ मात्र न विसरता लिहा.