एका डॉलरचा करार

टेनिस हा सुखवस्तूंच्या करमणुकीचा खेळ. त्यात स्त्रियांना बक्षीस किती मिळते याच्याशी कष्टकऱ्यांच्या चळवळीला काय कर्तव्य, असा प्रश्न कार्यकर्त्यांकडून पुष्कळदा विचारला जातो. प्रश्न अगदीच गैरलागू आहे असे नाही. पण २३ सप्टेंबर १९७० रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जे घडले ते मजुरीच्या झगड्याखेरीज दुसरे काही नव्हते.

१९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धा केवळ 'हौशी' खेळाडूंसाठी असत, आणि या हौशी मंडळींना प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पैसे दिले जात. त्या वर्षी हे ढोंग संपले आणि त्याने झाकून ठेवलेली विषमता उघडी पडली. विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला, रॉड लेव्हरला, २,००० पौंड मिळाले. स्त्रियांत विजयी झालेल्या बिली जीन किंगला ७५०. दोन वर्षांनी लॉस एंजलिसच्या स्पर्धेत तर पुरुष विजेत्यासाठी १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीसाठी १,५०० डॉलर जाहीर झाले. स्पर्धेचे आयोजक होते जॅक क्रेमर. पुरुष व्यावसायिक खेळाडूंच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे भांडलेला आणि पुढे १९७२ साली त्यांच्या संघटनेचा पहिला कार्यकारी संचालक झालेला हा माणूस. येथे कामगार चळवळीतल्या काही पुढाऱ्यांच्या घरांची आठवण झाली तर तो वाचकाचा दोष नव्हे.

प्रेक्षक पुरुषांचा खेळ पाहायला येतात, स्त्रियांच्या खेळाला मागणी नाही, असा आयोजकांचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलल्याने तो शास्त्रशुद्ध ठरत नाही. मुख्य कोर्ट कोणाला द्यायचे, सामना कोणत्या वेळी ठेवायचा, जाहिरातीत कोणाचे चित्र छापायचे हे सारे ज्याच्या हातात, तोच मागणी घडवतो आणि मग तिच्याकडे बोट दाखवून मजुरी कापतो. स्त्रिया तीनच सेट खेळतात हा दुसरा आक्षेप. पण एखाद्या पुरुषाने अंतिम सामना तासाभरात संपवला म्हणून त्याचे बक्षीस कोणी कापल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा 'वर्ल्ड टेनिस' मासिकाच्या प्रकाशिका ग्लॅडिस हेल्डमन यांनी ह्यूस्टनमध्ये केवळ स्त्रियांची, एकूण ७,५०० डॉलर बक्षिसांची स्पर्धा ठरवली. अमेरिकन टेनिस संघटनेने मान्यता नाकारली व निलंबनाची तंबी दिली. राष्ट्रीय क्रमवारी, संघातली जागा, मोठ्या स्पर्धांचे प्रवेश, सारेच पणाला लागले. त्यावर नऊ खेळाडूंनी हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि त्या व्यावसायिक झाल्या. बिली जीन किंग, रोझी कझाल्स, नॅन्सी रिची, पीचेस बार्टकोविच, क्रिस्टी पिजन, व्हॅलेरी झीगनफुस, ज्युली हेल्डमन या सात अमेरिकन. ज्यूडी डाल्टन आणि केरी मेलव्हिल या दोघी ऑस्ट्रेलियन. किंग ही अग्निशामक दलातल्या जवानाची मुलगी. कझाल्सचे आईवडील एल साल्वादोरहून आलेले. दोघीही सार्वजनिक कोर्टांवर खेळ शिकल्या. नगरपालिकेने बांधलेली फुकट कोर्टे नसती तर हे बंड झालेच नसते, हे कर आणि सार्वजनिक खर्च यांवर नाके मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ती स्पर्धा कझाल्सने जिंकली.

त्याच वर्षी चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारी मार्गारेट कोर्ट या नऊ जणींत नव्हती. ज्याला व्यवस्थेत स्थान आहे तो पहिल्या दिवशी संपावर जात नाही. हा अनुभव गिरण्यांतही नवा नाही.

आता अडचणीचा भाग. या बंडाला भांडवल दिले ते फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने, 'व्हर्जिनिया स्लिम्स' या खास स्त्रियांसाठी काढलेल्या छापाच्या नावाने. १९७१ च्या जानेवारीपासून अमेरिकेत रेडिओ-दूरदर्शनवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी येणार हे तेव्हा ठरलेले होते. कंपनीला नवे व्यासपीठ हवे होते, स्त्रियांना मजुरी. १९८७ पासून अमेरिकन स्त्रियांत कर्करोगाच्या मृत्यूंमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आला. मधला खंड सोडता हे प्रायोजकत्व १९९४ पर्यंत चालले. नऊ जणींना त्यासाठी आरोपी ठरवणे अन्यायाचे होईल. ज्यांच्यापुढे दुसरा दरवाजा ठेवलेलाच नव्हता त्यांना दरवाजाच्या मालकाबद्दल जाब विचारता येत नाही. पण मालकाचे उपकार मानण्याचेही कारण नाही. शेजारच्या रॅकेटबॉलमध्ये तर खासगी क्लबांची कोर्टे आणि चेंडू-रॅकेट बनवणाऱ्यांचा पैसा यांवरच सारा डोलारा उभा होता. १९६२ ते १९७७ अशी सलग सोळा वर्षे स्क्वॉशची ब्रिटिश स्पर्धा जिंकणारी हेदर मॅके तेथे आली आणि १९८०, १९८१ व १९८४ साली अमेरिकेची व्यावसायिक विजेती ठरली. तरी त्या खेळाला टेनिसचे वैभव आले नाही.

खरे बळ आले ते १९७३ च्या जूनमध्ये, लंडनच्या एका हॉटेलात साठाहून अधिक खेळाडूंनी स्वतःची संघटना स्थापली तेव्हा. त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत दोन्ही विजेत्यांना समान बक्षीस मिळाले. आदल्या वर्षी किंगला १०,००० आणि नास्तासेला २५,००० डॉलर मिळाले होते. वृत्तपत्रांना मात्र त्या सालातला किंग व बॉबी रिग्ज यांचा तमाशाच आठवतो.

मिळाले ते टिकतेच असेही नाही. ऑस्ट्रेलियन स्पर्धेने १९८४ पासून समान बक्षिसे दिली, १९९६ मध्ये ती पुन्हा असमान केली, आणि २००१ मध्ये परत समान केली. विम्बल्डनने २००७ पर्यंत वाट पाहिली. त्याखालच्या अनेक स्पर्धांत फरक उरलाच. स्त्री खेळाडूंच्या संघटनेने २०२३ साली तो टप्प्याटप्प्याने मिटवण्याची योजना जाहीर केली. स्त्री-पुरुषांच्या एकत्रित मोठ्या स्पर्धांसाठी तिची मुदत २०२७ आहे, स्वतंत्र होणाऱ्या स्पर्धांसाठी २०३३. म्हणजे ह्यूस्टनच्या करारानंतर ६३ वर्षे.