फलक वाचू नका, खाटा मोजा
बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडवर नर्सिंगच्या जाहिराती झळकतात. 'एका वर्षात नर्स, शंभर टक्के नोकरी!' असल्या फलकाखालून सरळ पुढे जावे. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून कायदेशीर काम करता येत नाही आणि असल्या वर्षभराच्या प्रमाणपत्रावर ती नोंदणी होत नाही. खरे रस्ते ठाऊक असलेले बरे: एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) अभ्यासक्रम 2 वर्षांचा, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूती) डिप्लोमा 3 वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग पदवी 4 वर्षांची. बीएस्सीला बारावीत विज्ञान, त्यातही जीवशास्त्र लागते. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कला शाखेच्या मुलीला मात्र जीएनएमचे दार उघडे आहे आणि त्यानंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करून 2 वर्षांत पदवीही मिळते. 'जीएनएम म्हणजे दुय्यम' असे नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना हे एकदा ऐकवाच. माझ्या मते डिप्लोमा की डिग्री यापेक्षा संस्था कोणती, हा प्रश्न मोठा. चकचकीत इमारत आणि एसी वर्ग दाखवतील. तुम्ही रुग्णालय दाखवा म्हणा. वॉर्डात खाटा किती, त्यांवर खरेच रुग्ण आहेत का, प्रसूती विभाग चालतो का, रात्रपाळीला शिकवणारे कोणी असते का? सुई टोचायला पुतळ्यावर शिकता येते. घाबरलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून शीर शोधणे वॉर्डातच जमते. मुलांनो, तुम्हीही अर्ज करा, हे क्षेत्र फक्त मुलींचे नाही. आणि पालकहो, फी भरण्याआधी संस्थेची मान्यता भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) यादीत स्वतः तपासा.