ऋण काढून शाळा

ऋण काढून सण करू नये, हे वचन दिवाळीच्या तोंडावर घरोघर हमखास निघते; आणि त्याच संध्याकाळी हप्त्याने घेतलेला नवा शीतकपाट हमालांच्या खांद्यावरून जिना चढत असतो! तेव्हा कर्जाच्या बाबतीत आपण मध्यमवर्गीय फार सोवळे आहोत, असे कोणी समजू नये. मात्र एक आहे. घरच्या कर्जाचा हप्ता किती, व्याज किती आणि ते फिटावयाचे केव्हा, हे आपल्याला झोपेत विचारले तरी सांगता येते. गावाच्या कर्जाविषयी कोणी विचारले, तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतो.

गावही कर्ज काढते, वाचकहो. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले. मुदत दहा वर्षांची, व्याजाचा दर ७.५९ टक्के आणि हेतू चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेचा. रोख्यांना मागणी उदंड आली. असे करणारे पुणे काही पहिले नव्हे. बंगळूरने १९९७ साली राज्य सरकारची हमी घेऊन रोखे काढले. अहमदाबादने १९९८ साली अशा हमीवाचून १०० कोटी उभे केले. पिंपरी-चिंचवडनेही २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले.

आमच्या शेजारी एक निवृत्त हिशेबनीस राहतात. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन मला पुण्याचा हिशेब मांडून दाखविला. २०० कोटींवर वर्षाचे व्याज १५ कोटी १८ लाख. म्हणजे दिवसाला चार लाखांहून अधिक. "आणि मास्तर, हे व्याज रविवारीसुद्धा चालू असतं बरं का!" असे म्हणून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. गंमत अशी की, रोख्यांचा पैसा हाती आला त्याच वर्षी त्या योजनेच्या निविदा रद्द करून नव्याने काढाव्या लागल्या. नळ थांबला तरी व्याज थांबत नाही, हा धडा ज्याने त्याने घ्यावा.

मग गावाने कर्ज काढूच नये काय? मला तसे वाटत नाही. शाळेची पक्की इमारत पन्नास वर्षे उभी राहते. तिचा सगळा खर्च यंदाच्याच करदात्याने का सोसावा? उद्या जी मुले तिच्यात शिकतील, ती मोठी होऊन घरपट्टी भरतील, तेव्हा त्यांनीही आपला वाटा उचलावा, हे न्यायाचेच आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज काढणे हा संसारातलाही शहाणपणा आहे. रोजच्या भाजीपाल्यासाठी मात्र सावकाराच्या दारात जाऊ नये.

अडचण पुढेच आहे. आपल्याकडे रोख्यांचा पैसा मुख्यतः पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांकडे वळतो. पाण्याला पाणीपट्टी आहे. शाळेला काय आहे? महापालिकेच्या शाळेतले पोर तिजोरीत काहीच टाकीत नाही. गळके छप्पर आणि बंद पडलेले स्वच्छतागृह यांची ओरड व्हावयाची कोणाच्या तोंडून? आपली मुले आपण तेथून केव्हाच काढून घेतली आहेत.

पुण्यातल्या कितीतरी घरांतली मुले आज कॅलिफोर्नियात नांदत आहेत. त्यांना विचारून पाहा. तेथे शाळांच्या इमारतींसाठी रोखे काढावयाचे, तर स्थानिक मतदारांचा कौल घ्यावा लागतो. पूर्वी दोन तृतीयांश मते लागत. २००० सालच्या एका दुरुस्तीने काही अटींवर ती मर्यादा ५५ टक्क्यांवर आणली. अटी ऐकण्यासारख्या आहेत. कोणती कामे करणार, त्यांची यादी आधी द्यावयाची. तो पैसा शिक्षकांच्या पगारावर खर्चावयाचा नाही. दर वर्षी हिशेबतपासणी करावयाची. आणि देखरेखीला नागरिकांची समिती नेमावयाची. तीत पालक हवेत, करदात्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी हवा आणि ज्येष्ठ नागरिकांचाही हवा. रोखे मंजूर झाले की घरपट्टी वाढते, हे मत देणाऱ्याला ठाऊक असते. तरीही पुष्कळ ठिकाणी लोक 'होय' म्हणतात. कधी 'नाही' म्हणून प्रस्ताव पाडतातही. दोन्ही वेळा त्यांना कोणीतरी विचारलेले असते, हे महत्त्वाचे.

आपल्याला असे कोणी विचारीत नाही. पण आपणही विचारीत नाही, हे विसरून कसे चालेल? महापालिकेचे अंदाजपत्रक दर वर्षी मांडले जाते. वर्तमानपत्रात त्याचे पान आले की आपण घरपट्टी वाढली की नाही तेवढे पाहतो आणि पान उलटतो. कर्ज किती, कशासाठी, काम कोठवर आले आणि शाळांच्या इमारतींच्या वाट्याला काय आले, हे चार प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारावयास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

आपल्या पूर्वजांनी माणसाच्या माथ्यावर जन्मतःच तीन ऋणे सांगितली; त्यांतले एक ऋषींचे, म्हणजे विद्येचे. ते शिकून आणि शिकवून फेडावयाचे असते. ते फेडण्यासाठी गावाला दुसरे ऋण काढावे लागले, तर माझी खुशाल संमती आहे, आणि वाढीव घरपट्टीही मी भरीन. फक्त वर्षाच्या अखेरीस मला ती शाळा आणि तिचा हिशेब, दोन्ही पाहावयास मिळाली पाहिजेत.