संगमरवरी दातृत्व

आमच्या लहान गावांतील दातृत्वास अलीकडे संगमरवराचा लोभ फार जडला आहे. वाचनालयास पंखा मिळतो, त्याच्या पात्यावर दात्याचे नावही गरगरते. परंतु ग्रंथपालाच्या वेतनास कोणी पैसा देईल तर शपथ! त्यावर नाव कोरावे कोठे? रत्नागिरीचे वाचनालय १८२८ साली निघाले, नाशिकचे १८४० साली. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा यावयास मात्र १९६७ उजाडले. तोवर असल्या संस्थांचा मुख्य आधार वर्गणीदारच होता. आज वर्गणी मागावयास आलेल्या चिटणिसांस ‘सरकार अनुदान देते ना?’ म्हणून वाटेस लावणारे गृहस्थ कमानीस मात्र सढळ हाताने रक्कम मोजतात. हिला आम्ही दान म्हणत नाही, जाहिरात म्हणतो. संस्थाचालकांनी तिचा दर आकारावा : प्रत्येक पाटीमागे दहा वर्षांची वर्गणी, आगाऊ.