विज्ञानकथा आपल्यासाठी नसते?

आमच्या वाचनवर्गात आजवर काय काय वाचलं, याची वही परवा चाळत होते. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’, ‘स्मृतिचित्रे’, बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’; बाकी अहवाल आणि कायद्याच्या पुस्तिका. विज्ञानकथा एकही नाही. एका मैत्रिणीने सुचवली होती, तेव्हा मीच मोडता घातला. यानं, यंत्रमानव आणि शास्त्रज्ञ नवऱ्याला चहा नेऊन देणारी बायको. त्याला वेळ कुणाला आहे? एकही विज्ञानकथा न वाचता मी हे बोलले होते.

मैत्रिणीने वाद घातला नाही. ‘सुलतानाज् ड्रीम’ ही छोटीशी गोष्ट हातात ठेवली. रुकैया सखावत हुसेन यांनी ती इंग्रजीत लिहिली आणि १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली. बाई बंगालमध्ये, कडक पडद्यात वाढलेल्या. इंग्रजी शिकल्या त्या भावाकडून, घरातच.

गोष्टीतल्या स्त्रीराज्यात पुरुष मर्दान्यात राहून घरकाम करतात. तिथे बायकांची दोन विद्यापीठं आहेत. एकीने ढगांतून पाणी मिळवलं, दुसरीने उन्हाची उष्णता साठवली. पुरुष तेव्हा सैन्य वाढवण्यात गुंतलेले. त्यांनी या शोधांची टर उडवली. पुढे लढाईत सैन्य हरलं आणि बायकांनी साठवलेली उष्णता सोडून शत्रूला पळवलं. बायका दोनच तासांत कचेरीचं काम उरकतात. पुरुषांचे सातांतले सहा तास चिरूट ओढण्यात जायचे, असा हिशेबही बाईंनी मांडलाय! मी मात्र थबकले स्वयंपाकघरापाशी. तिथे कोळसा नाही, धूर नाही, उन्हावर रांधतात. स्टोव्हच्या भडक्यात ‘अपघाताने’ जळालेल्या सुनांची प्रकरणं ज्यांनी हाताळली, त्यांना ते वाक्य नुसतं गमतीचं वाटणार नाही.

वर्गात वाचली तेव्हा भांडण झालंच. पुरुषांना कोंडणं ही कसली समता? आणि राज्य शेवटी राणीचंच ना? दुसरा आक्षेप मला पटतो. श्रीमंत-गरीब हा प्रश्न बाईंनी सोडूनच दिलाय. पहिला पटत नाही. ज्यांच्यापासून धोका त्यांना मोकळं ठेवून बाकीच्यांना का कोंडता, एवढंच त्या विचारतात. पुरुष कोंडले की आपल्याला हसू येतं; मुलीला ‘सातच्या आत घरात’ म्हणताना येत नाही.

मग मी विचारलं, आपली वस्ती आपल्या मनासारखी झाली तर कशी असेल? भराभर उत्तरं आली: दारू नसेल, मारहाण नसेल, हुंडा नसेल. मग काय असेल, म्हटल्यावर सगळ्या गप्प. मीसुद्धा. इतकी वर्षं घोषणा लिहितो आपण, पण ‘नको’च्या पुढचं वाक्य जमेना. बऱ्याच वेळाने एक वयस्कर बाई म्हणाल्या, “घरात नळ. आणि दुपारची दोन तास झोप, कुणी हाक न मारता.” तिथून जी बडबड सुरू झाली ती वर्गाची वेळ संपली तरी थांबली नाही.

पुढच्या महिन्यात उर्सुला ले ग्विन यांची १९६९ची कादंबरी घेतोय. तिच्यातली माणसं कायमची बाईही नसतात, पुरुषही नसतात. इंग्रजी येणाऱ्या दोघीजणी प्रकरणं मराठीत सांगणार आहेत. एकीने आत्ताच विचारलंय, मग तिथे बाळंतपण कुणाचं?